हात न जोडणाऱ्यांची यादी

(१९९५ च्या दहावीच्या तुकड्यांच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहून दिलं आहे. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला होता ‘माहिती तंत्रज्ञान आणि आपली मुलं’. त्या विषयावर मी बोलणार नाही. आपली मुलं आपलं ऐकत नाहीत आणि आपल्यालाही मोबाईल सोडवत नाही, एवढंच त्यात सांगण्यासारखं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

मी आज धर्माबद्दल बोलणार आहे. आत्ता काही चेहऱ्यांवर ‘झालं, हिनं सुरू केलं’ असं दिसतंय. बरोबर आहे. गेल्या तीन महिन्यांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावरून जे झालं ते सगळ्यांनी वाचलं आहे. दोन जण ग्रुप सोडून गेले, एकाला हातापाया पडून परत आणलं. भांडण कशावरून होतं ते आपल्या बाई आणि सर यांना माहीत नसेल, म्हणून सांगते. तीस वर्षं झाल्याच्या निमित्तानं आपण शाळेला काहीतरी द्यायचं ठरवलं. पैसे जमले. आणि प्रस्ताव आला की शाळेच्या फाटकातून आत शिरल्यावर उजव्या हाताला, जिथं पूर्वी सायकली लावायचो तिथं, सरस्वतीचं छोटं मंदिर बांधावं. बहुतेकांनी हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पाडला. मी लिहिलं, ‘माझा विरोध आहे.’ पुढचं महाभारत तुम्हाला ठाऊक आहे.

ग्रुपवर मी एकच ओळ लिहिली, ही माझी चूक होती. विरोध एका ओळीत लिहिला की तो उद्धट वाटतो. म्हणून आज सगळ्यांच्या समोर उभं राहून माझं म्हणणं नीट सांगते. चहानंतर मतदान आहे. तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा.

आधी आठवीतली गोष्ट. १९९२-९३ चं वर्ष. मी वर्गाची मॉनिटर होते. प्रार्थनेच्या वेळी मैदानावर रांगा लागायच्या, हात जोडायचे, डोळे मिटायचे. मॉनिटरचं काम होतं, ज्यांनी हात जोडले नाहीत किंवा डोळे मिटले नाहीत त्यांची नावं लिहायची आणि चिठ्ठी वर्गशिक्षकांकडे द्यायची. आता दुसऱ्यांचे डोळे मिटलेले आहेत की नाहीत हे बघायला मला स्वतःचे डोळे उघडे ठेवावे लागायचे. म्हणजे अख्ख्या वर्गात रोज प्रार्थना न करणारी एकमेव मुलगी मी होते, आणि माझं नाव कधी यादीत आलं नाही.

त्या वर्षी डिसेंबरात अयोध्येत मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत दंगली झाल्या. आपल्या गावात काही झालं नाही, पण बाजारपेठेत सगळे हळू आवाजात बोलत होते. जानेवारीतल्या एका सकाळी आपल्या वर्गातल्या एका मुलीनं हात जोडले नाहीत. ती नुसती ताठ उभी होती, हात खाली. मी तिचं नाव लिहिलं. ती माझ्या शेजारच्या बाकावर बसायची, आम्ही डबा वाटून खायचो, तरीही लिहिलं. नियम होता ना. तिला मधल्या सुट्टीपर्यंत फळ्याजवळ उभं केलं. कोणी ओरडलं नाही, मारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती हात जोडायला लागली आणि विषय संपला.

माझ्यासाठी संपला होता. मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा मी तिला फोन केला. तीस वर्षांनी ही गोष्ट काढली आणि माफी मागितली. ती हसायला लागली. म्हणाली, ‘अगं, फळ्याजवळ उभं केलेलं मला नीट आठवतही नाही. पण त्यानंतर दीड वर्ष मी हात जोडून मनात एकोणतीसचा पाढा म्हणायचे, ते आठवतंय. म्हणून तर गणितात तुझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.’

मग थोडं थांबून ती म्हणाली, ‘सरस्वतीबद्दल माझी काही तक्रार नव्हती गं. पाटीपूजनाची रांगोळी मीच काढायचे. त्या दिवशी मला नुसतं उभं राहायचं होतं. का, ते कोणी विचारलं नाही.’

तिची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. ती आज या सभागृहात आहे. नाव सांगू नकोस म्हणाली, म्हणून सांगत नाही. ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. २००१ मध्ये इंजिनिअर झाले आणि पुढच्याच वर्षी एका रुग्णालयाच्या नोंदणीच्या सॉफ्टवेअरवर काम मिळालं. रुग्ण आला की खिडकीवरचा कारकून फॉर्म भरणार: नाव, वय, पत्ता, धर्म. धर्माच्या रकान्यापुढे लाल तारा. लाल तारा म्हणजे हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. मी वरिष्ठांना विचारलं, डॉक्टरांना धर्म कशाला लागतो? उत्तर मिळालं, ‘जुन्या छापील फॉर्मवर होता.’ मीही पुढे काही विचारलं नाही.

सॉफ्टवेअर सुरू झालं आणि आठवड्यातच रात्री दीडला फोन आला. हायवेवर अपघात झाला होता. बेशुद्ध माणूस, खिशात पाकीट नाही, सोबत कोणी नाही. नावाच्या जागी ‘अनोळखी’ लिहिता येत होतं, वय अंदाजानं टाकता येत होतं, पण धर्म निवडल्याशिवाय फॉर्म जाईना. कारकून मला विचारतोय, ‘मॅडम, काय टाकू?’ मी म्हटलं, काहीही टाका. त्यानं यादीतला पहिला पर्याय टाकला. उपचार सुरू झाले, माणूस वाचला, असं दुसऱ्या दिवशी कळलं. त्याचा धर्म काय होता हे मला आजही माहीत नाही. तो लाल तारा काढायला मला चार मिनिटं लागली. पहिल्या दिवशीच काढला असता तर?

आमच्या धंद्यात ‘डिफॉल्ट’ म्हणून एक शब्द आहे. तुम्ही काही निवडलं नाहीत तर आपोआप जे लागू होतं ते. त्याची गंमत अशी की ज्याला ते जुळतं त्याला ते दिसतच नाही. फोन घेतला आणि त्याची भाषा आधीच आपली असेल तर भाषा निवडायची सोय कुठं आहे हे आपण कधी शोधतच नाही. ज्याला ती भाषा येत नाही, त्याला मात्र पहिल्या मिनिटापासून अडतं. आपल्या शाळेतली प्रार्थना, भिंतीवरच्या तसबिरी, दसऱ्याचं पाटीपूजन, हे सगळं माझ्यासाठी डिफॉल्ट होतं. मला ते छान वाटायचं, अजून आठवलं की छान वाटतं. पेढ्याचा वास येतो नाकात. शेजारच्या बाकावरच्या मुलीला ते रोज दिसत होतं, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

आता तुम्ही म्हणाल, ही नास्तिक आहे म्हणून हिला असं वाटतं. तर त्याबद्दलही स्पष्ट सांगते. हो, मी नास्तिक आहे. पण माझ्या नास्तिकपणाची सुरुवात फारशी अभिमान वाटावी अशी नाही. ती सुरुवात तुमच्यापैकी अनेकांना आठवेल. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो तो दिवस. आपण अकरावीत होतो. अर्धं कॉलेज देवळाच्या रांगेत होतं आणि मीही होते, वाटी-चमचा घेऊन. संध्याकाळी आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे गेलो तर त्यांनी परसातला एक दगड ओला केला आणि चमचा त्याला टेकवला. दूध गेलं! सर म्हणाले, ‘दगडाच्या खाली हात लावून बघ.’ हात ओला झाला. पृष्ठताण, एवढंच. नंतर वाचलं की दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तोच ओघळ लोकांना दाखवला होता.

सर त्या दिवशी आम्हाला हसले नाहीत. स्वतः रोज संध्या करणारे गृहस्थ. ते म्हणाले, ‘श्रद्धा ठेव, पण हात लावून बघायचं सोडू नकोस.’

मी मात्र हसायला शिकले. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना गौरी जेवणाच्या दिवशी, घरात सवाष्णी जेवायला बसलेल्या असताना, मी आईला सगळ्यांसमोर म्हटलं, ‘हे सगळं थोतांड आहे.’ आई काही बोलली नाही. नैवेद्याचं ताट उचलून आत गेली. तिनं पहाटे चारला उठून सोळा भाज्या केल्या होत्या. माझा मुद्दा बरोबर होता की चूक, हा प्रश्नच नव्हता. मी जे केलं तो विवेकवाद नव्हता, नुसता माज होता. नास्तिकांनाही माज येतो, आणि तो धर्माच्या माजाइतकाच वाईट दिसतो.

वडील २०१९ मध्ये गेले. दहाव्याला कृष्णेवर गेलो. मी विधींना बसले नाही, चुलतभाऊ बसला. पण आईचा हात धरून घाटावर उभी होते. कावळा शिवेना. अर्धा तास झाला, ऊन चढलं. काका म्हणाले, ‘काहीतरी इच्छा राहिली असेल, मुलीनं बोलावं.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. कोणी ऐकतंय असं मला वाटत नव्हतं. तरी मी मोठ्यानं म्हटलं, ‘अण्णा, आईला मी बघेन. काळजी करू नका.’ आणि दोन मिनिटांनी कावळा आला. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका! मी सॉफ्टवेअरवाली आहे, एका चाचणीवरून निष्कर्ष काढत नाही. पण ते वाक्य मी आईच्या देखत बोलले, ते तिनं ऐकलं, आणि ते मला पाळायचं आहे, एवढं खरं आहे.

आता दर वर्षी पालखी लोणंदला येते तेव्हा आईला मी घेऊन जाते. तिची पिशवी आणि पाण्याची बाटली माझ्याकडे असते. ती रथापुढे डोकं टेकते, मी शेजारी उभी राहते. ती मला ‘कर नमस्कार’ म्हणत नाही आणि मी तिला ‘कशाला करतेस’ म्हणत नाही. आमचं छान चाललं आहे.

ते का चाललं आहे, याचा मी बराच विचार केला. कारण सोपं आहे. आम्ही दोघी एकमेकींना ‘नाही’ म्हणू शकतो. आई चिडली तर रात्रीपर्यंत चिडेल. माझं नाव कुठल्या यादीत जाणार नाही. पण तेरा वर्षांची मुलगी शाळेला ‘नाही’ म्हणू शकत नाही. बेशुद्ध माणूस रुग्णालयाला म्हणू शकत नाही. तक्रार घेऊन आलेला घाबरलेला माणूस पोलीस ठाण्यात म्हणू शकत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: जिथं माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही, तिथं धर्मानं दोन पावलं मागं उभं राहावं. कोणत्याही धर्माला ही अट सारखीच. घरात, देवळात, मशिदीत, चर्चमध्ये, विहारात, वारीच्या वाटेवर त्यानं हवं तितकं फुलावं.

ही माझी शोधलेली कल्पना नाही. आपल्या घटनाकारांनी याच्यावर अक्षरशः मतदान घेतलं आहे. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत ह. वि. कामत यांनी सूचना मांडली की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी. सभागृहात बहुतेक सगळे आस्तिकच होते. तरी विरोध झाला. पूर्णिमा बॅनर्जींनी तर विनंती केली की ईश्वराला मताला टाकण्याची वेळ आमच्यावर आणू नका. कामतांनी आग्रह धरला, मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८ अशी सूचना फेटाळली गेली. देवाला मानणाऱ्यांनीच हे ठरवलं. कारण आपली श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायची नसते, हे त्यांना कळत होतं.

‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत १९७६ मध्ये आला हे खरं आहे, आणि ग्रुपवर ते मला तीनदा सांगितलं गेलं. पण शब्द नंतर आला म्हणून गोष्ट नंतर आली असं होत नाही. संविधानाची तिसरी अनुसूची बघा. मंत्र्यानं शपथ कशी घ्यायची त्याचे नमुने तिथं सुरुवातीपासून दिलेले आहेत. ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’, यातलं जे पटेल ते म्हणा. दोन्हींची किंमत सारखी. आमच्या भाषेत सांगायचं तर तो नीट विचार करून बनवलेला फॉर्म आहे. दोन पर्याय, आणि डिफॉल्ट कुठलाच नाही. मला त्या रुग्णालयाचा फॉर्म बनवायच्या आधी कोणी तो दाखवायला हवा होता.

शाळेबद्दलही संविधान बोलतं. अनुच्छेद २८ सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण दिलं जाणार नाही. आपल्यासारख्या खाजगी संस्थेच्या अनुदानित शाळेला पुढचा भाग लागू होतो: धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायची सक्ती कोणावर करता येणार नाही, मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागेल. मंदिर बांधायला बंदी आहे असं मी म्हणत नाही, कायदा तसं म्हणत नाही. आणि हाच नियम कॉन्व्हेंट शाळेतल्या हिंदू मुलालाही संरक्षण देतो, हे विसरू नका. सक्ती नको, हे तत्त्व आपल्या मुलांसाठी हवं आणि दुसऱ्यांच्या मुलांसाठी नको, असं करता येत नाही.

१९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदरानं उभी राहायची, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गायची नाहीत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. ती मुलं नास्तिक नव्हती, कट्टर श्रद्धाळू होती. आपल्याकडे नाशिकला एका शिक्षकानं प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. हे वाचलं तेव्हा मला आपलं मैदान आणि माझ्या हातातली चिठ्ठी दिसली. त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयानं सांगितलं की कोणताही धर्म न मानण्याचा हक्क अनुच्छेद २५ मधल्या विवेकाच्या स्वातंत्र्यात येतो आणि सरकारी फॉर्ममध्ये धर्म लिहायची सक्ती करता येणार नाही. म्हणजे लाल तारा न्यायालयानंही काढला.

इथं एक खुलासा करते, कारण जेवताना कोणीतरी विचारलं. जातीच्या रकान्याचं काय? तो रकाना का लागतो ते मला कळतं. त्याच्यामागे शतकांचा अन्याय आहे आणि त्याची भरपाई म्हणून मिळालेला हक्क आहे. शिष्यवृत्तीसाठी धर्म लिहावा लागतो, तेही ठीक. जिथं कारण आहे तिथं रकाना असू दे. ‘पूर्वीपासून आहे’ हे मात्र कारण नव्हे.

आपण शाळेत ‘सर्वधर्मसमभाव’ शिकलो. सुंदर शब्द आहे. पण दहावीनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की या यादीत माझं नाव कुठेच नाही. सगळ्या धर्मांना सारखं मानायचं, ठीक आहे. ज्याला धर्मच नाही त्याचं काय? गांधीजींइतका ईश्वर मानणारा माणूस नाही. पण आंध्रातले गोरा नावाचे पक्के नास्तिक कार्यकर्ते त्यांच्याशी वाद घालायला आश्रमात यायचे, राहायचे. गोरांच्या मुलीचं आंतरजातीय लग्न सेवाग्रामला लावायचं गांधीजींनी मान्य केलं, आणि विधीत ईश्वराच्या जागी सत्य म्हणायचीही तयारी दाखवली. ते लग्न झालं १९४८ मध्ये, तेव्हा गांधीजी नव्हते. पण आश्रमात झालं.

आणि आपला जिल्हा बघा. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. देव-धर्माबद्दल त्यांनी एवढं परखड लिहिलं की लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. तोच माणूस फर्ग्युसनचा प्राचार्य होता. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसवली. आणि डॉ. दाभोलकर साताऱ्याचेच. ते आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघाले असताना पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला. विचार न पटण्याचा शेवट एका टोकाला ग्रुप सोडून जाण्यात होतो आणि दुसऱ्या टोकाला असा होतो. आपण पहिल्या टोकाशीच थांबलेलं बरं, आणि जमलं तर तिथूनही परत यावं.

मला कोणीतरी लिहिलं होतं, ‘तुला भोंगे ऐकू येत नाहीत का?’ येतात. पहाटेचे येतात आणि गणपतीतल्या मिरवणुकीचेही येतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाऊडस्पीकर बंद, सणासाठी सरकारनं ठरवून दिलेल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट. त्यात कुठल्याच धर्माचं नाव नाही. बायपास झालेल्या माणसाच्या छातीत धडधडतं तेव्हा स्पीकर कोणाचा आहे हे त्याला कळत नाही. नियम दोघांनाही लावा, मी तुमच्याबरोबर निवेदन घेऊन येईन. फक्त एकालाच लावायचा असेल तर येणार नाही.

आता सायकल स्टँडच्या जागेकडे येते.

मंदिराचा प्रस्ताव ज्यानं मांडला तो माझा बालवाडीपासूनचा मित्र आहे. अण्णा आजारी होते तेव्हा रात्री अकराला त्यानं गाडी काढली आणि आम्हाला पुण्याला नेलं. रस्ताभर डॅशबोर्डवरच्या स्वामींच्या फोटोला हात लावत होता आणि गाडी मात्र सांभाळून चालवत होता. पहाटेपर्यंत रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून राहिला. त्याच्या श्रद्धेला मी काय नावं ठेवणार? त्याच्या मनात शाळेबद्दल कृतज्ञता आहे आणि ती त्याला देवळाच्या रूपात दिसते. माझ्या मनात तीच कृतज्ञता आहे.

पण आपण बांधू ते आपण रोज बघणार नाही. वर्षातून एकदा येऊन फोटो काढू. रोज त्याच्यासमोरून जाणार ती पाचवी ते दहावीची मुलं. मंदिर आलं की पुजारी आला, आरती आली, वार आला, मग रांग आली आणि एक दिवस चिठ्ठी घेऊन मॉनिटर आली. कोणी वाईट हेतूनं करणार नाही. मीही वाईट हेतूनं नाव लिहिलं नव्हतं. आणि त्या रांगेत कोणीतरी एकोणतीसचा पाढा म्हणत उभं असेल.

मागच्या आठवड्यात मी शाळेत जाऊन आताच्या मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला उन्हाळ्यात पाणी येत नाही, टाकी लहान आहे, नळ गंजले आहेत. प्रयोगशाळेतली बेसिनं तुंबलेली आहेत, त्यामुळे रसायनशास्त्राचे प्रयोग बाई टेबलावर स्वतःच करून दाखवतात, मुलांच्या हाताला काही लागत नाही. विज्ञानाच्या सरांचं ‘हात लावून बघ’ मला तिथंच आठवलं. मी मागच्या चार मुलींनाही विचारलं. त्या आधी लाजल्या, मग एक म्हणाली, ‘मॅडम, पाणी.’

माझं मत पाण्याला आहे. तुमचं दुसरं कशाला असेल तर मी तुमच्याशी बोलणं सोडणार नाही, आणि तुम्हीही सोडू नका. ग्रुप सोडून गेलेल्या दोघांनाही हे सांगते, ते दोघं मागच्या दारापाशी उभे आहेत, मला दिसताहेत. आत येऊन बसा. खुर्च्या आहेत.



ताजा कलम: स्मरणिकेच्या संपादकांनी पुढं काय झालं ते लिहायला सांगितलं आहे. निर्णय एकमतानं झाला नाही, मतदानानं झाला. पाण्याची टाकी, नवे नळ आणि प्रयोगशाळेची बेसिनं यांच्या बाजूनं ३४ मतं पडली, मंदिराच्या बाजूनं २१. माझा मित्र संध्याकाळच्या जेवणात माझ्याशी बोलला नाही. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, ‘पाईप कोणते घेताय? बाहेरून महाग पडतील. माझ्या दुकानातून खरेदीच्या भावात देतो.’ बिल आलं. वर मधोमध नेहमीप्रमाणे ‘॥ श्री ॥’ छापलेलं होतं आणि खाली वाहतूक खर्चाच्या पुढे त्यानं पेनानं शून्य घातलं होतं.